वरच्या दगडावरचा आकडा

शनिवार उजाडला की ती खांद्याला नळी अडकवून घरातून निघायची आणि पुलापर्यंत पोचेस्तोवर तिला चार जण तरी अडवायचे. किराणावाला तर दुकानाच्या फळ्या काढता काढताच ओरडायचा, "काय गं नळीवाली, ओढ्याला आज ताप किती?"

"ताप कसला काका, ठणठणीत आहे!"

"मग औषध बंद करू म्हणतेस?" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट हलेपर्यंत हसायचा.

नळीवाली हे नाव त्यानंच पाडलं आणि ते असं चिकटलं की घरचेही कधीकधी चुकून त्याच नावानं हाक मारत. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट! पंधरा वर्षांत तिला नावच कुठं पडलं होतं? वर्गात ती मागून दुसऱ्या बाकावरची, रंगाऱ्याची मुलगी, एवढीच. मग पावसाळा सरता सरता विज्ञानाच्या बाईंनी ओढ्याची तब्येत मोजायचं काम काढलं आणि भर प्रार्थनेत तिला पुढं बोलावलं. तेव्हापासून ती अशी ताठ चालायला लागली की आई म्हणाली, "अगं, मान आखडेल."

नळी काचेसारखी आरपार, साठ आकड्यांची. तळाला काळी-पांढरी चकती. ओढ्याचं पाणी वरून ओतत जायचं, आत डोकावत राहायचं आणि चकती दिसेनाशी झाली की थांबून आकडा वाचायचा. मग दगड उलटून तीन शेपट्यांचे किडे मोजायचे, कारण ते निवळ पाणी सोडून कुठं राहत नाहीत. मग वास, मग काठावरची झाडी, मग कचरा. बाई या पाचांना निर्देशक म्हणायच्या. गाव त्यांना टिकल्या म्हणायचं, कारण पुलावरच्या बोर्डावर पाच खिळे होते आणि प्रत्येक खिळ्यावर पत्र्याची एक गोल टिकली लटकायची: हिरवी, पिवळी नाहीतर लाल.

टिकल्या तिच्या बाबांनी करून दिल्या होत्या. रंगाच्या रिकाम्या डब्यांची झाकणं कापून, कडा घासून, दोन दोन हात रंग देऊन. रंगाऱ्याचंच काम ते, टिकली अशी झळकायची की लांबून हिरवं फळ टांगल्यासारखं वाटावं. लाल पाच अजून कागदात गुंडाळलेल्याच होत्या. त्या कधी लागल्याच नाहीत.

आजही ती पुलावरून उतरून काठाकाठानं सपाट दगडापाशी आली. उन्हाळ्यानं ओढ्याची पार रया घालवली होती. जिथं पोरं सूर मारायची तिथं घोट्याएवढी धार, आणि दोन्ही बाजूंना भेगाळलेला चिखल. तरी सपाट दगडापाशी पाणी कसं निवळशंख होतं. नळी अठ्ठावन्नावर थांबली. दगडाखाली किडे चौदा. तिनं वहीत लिहिलं, वही मिटली, आणि खाली न बघता परत फिरली.

खाली बघायचं नाही, ही सवय तिनं एकतीस शनिवार पाळली होती.

सपाट दगडाच्या खाली, हाकेच्या अंतरावर, त्यांचीच सूत रंगवायची भट्टी होती. भट्टीच्या खाली ओढा वळायचा, आणि त्या वळणावर आत्याचं धुणं.

बाईंनी पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं होतं: गाव ओढा जिथं शेवटचा वापरतं त्याच्या खाली मोजणी करावी, जागा बदलू नये. पहिल्या शनिवारी ती इमानेइतबारे वळणावर गेली होती. पावसाचं पाणी अजून ओढ्यात होतं, तरी नळी चोविसावरच आंधळी झाली. निळसर, गढूळ. दगड उलटला तर तीन शेपट्यांचा एकही नाही, नुसत्या लाल दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत होत्या. सोमवारी प्रार्थनेत आकडा वाचायचा होता, सगळ्या शाळेसमोर, आणि मग कुणीतरी विचारणारच की निळं कुठून येतं. तिनं नळी पालथी केली, वर सपाट दगडापाशी आली, आणि पुन्हा भरली. अठ्ठावन्न. आकडा अगदी खरा! एका थेंबाचीही लबाडी नाही. पुढच्या शनिवारी तिला वाटलं होतं की आता खाली जावं. पण जागा बदलू नये, असं बाईंच्याच अक्षरात लिहिलेलं होतं ना?

बाई बसनं यायच्या, बसनं जायच्या. सही करायच्या आणि शेरा मारायच्या: उत्तम सातत्य.

*

भट्टीवर त्या आठवड्यात गर्द निळ्याचं काम होतं. तीन हंडे एका रांगेत उकळत होते. आई लाकडी दांड्यानं सुताच्या लड्या खालीवर करत होती आणि दर चार फेऱ्यांनी कपाळावरचा घाम दंडाला पुसत होती. हाताला पुसला तर कपाळ निळं व्हायचं. बाबा कोपरापर्यंत निळे होतेच, बारा महिने. लग्नात, आजारपणात, झोपेतसुद्धा. लहानपणी तिला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा कोपरापर्यंत निळे असतात.

लडी बाहेर काढायची, लोखंडी आकड्याला अडकवायची, दुसऱ्या टोकाला दांडा घालून पीळ द्यायचा. बाबा पीळ देताना एका हातानं कंबर धरत. दोन वर्षांपूर्वी लचकली होती ती.

"अहो, हंडा ओतू?" आईनं विचारलं.

"ओत."

"खड्ड्यात थोडीतरी जागा..."

"खड्डा भरलाय गं. गाळ वर आलाय. ओत सरळ."

भट्टीमागं मोठा खड्डा होता. पूर्वी रंगाचं पाणी त्यात पडायचं, रात्रभर निवायचं, गाळ तळाशी बसायचा आणि वरचं फिकं पाणी तेवढं ओढ्यात जायचं. खड्डा गाळानं भरला तेव्हा बाबांनी खोरं शिळेवर घासून ठेवलं होतं. कंबर जाते तर जाऊ दे, पावसाळा सरला की उपसतो, असं म्हणाले होते. मग पावसाळा सरला आणि बोर्ड लागला. पहिल्या सोमवारी बाबा मुद्दाम पुलावर जाऊन बघून आले. पाचही हिरव्या. घरी येऊन त्यांनी खोरं पुन्हा खुंटीला टांगलं.

"आपल्या पाण्यानं ओढ्याला काही होत नाही," ते आईला म्हणाले होते, अगदी हलक्या आवाजात, जसा एखादा डॉक्टरकडून चांगली बातमी घेऊन येतो. "आपल्याच पोरीनं मोजलंय."

ती तेव्हा पाठ करून बसली होती. गृहपाठ करत असल्यासारखी.

हंडा कलंडला. गरम निळं पाणी चरातून फेसाळत गेलं. तेवढ्यात दारात आत्या उभी राहिली, डोक्यावर हे एवढं गाठोडं.

आत्या बाबांची धाकटी बहीण. दवाखान्याच्या चादरी धुवायची. बोलायला लागली की थांबायची नाही, आणि आज गाठोडं उतरवून खाली बसली तरी तिच्या तोंडातून शब्द नाही. आईनं पाणी दिलं. आत्यानं भांडं दोन्ही हातांत धरून ठेवलं. सोड्यानं तिची बोटं पेराला पेराला चिरलेली होती.

"परत पाठवल्या," ती शेवटी म्हणाली. "चाळीसच्या चाळीस."

आईनं गाठ सोडली. चादर उलगडून उजेडात धरली. पांढरी म्हणवत नव्हती आणि निळीही म्हणवत नव्हती. थंडीनं काकडलेल्या माणसाच्या ओठांचा असतो ना, तसा रंग.

"दवाखान्याचा भांडारवाला म्हणाला, साबण वाचवतेस," आत्या म्हणाली. "मी म्हटलं, साबण नाही हो, पाणी बघा पाणी. तर मला हाताला धरून पुलावर नेलं, वहिनी. चार माणसं उभी. टिकल्यांवर बोट ठेवून म्हणतो, ओढा शाळेनं मोजलाय. पाणी स्वच्छ आहे बाई, हात तुझे मळलेत."

हंड्याखाली लाकूड तडतडलं.

"किराणावालाही होता. म्हणाला, डोळ्यांना काय कळतंय, आकडा बघ."

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग काय दादा. सोमवारपर्यंत पांढऱ्या दिल्या तर ठीक. नाहीतर काम शहरातल्या मशीनवाल्याकडं." आत्या हसायला गेली, पण हसू अर्ध्यातच बसलं. "बोर्डावर आमच्याच पोरीचं अक्षर. मी कुणाला खोटं म्हणू?"

नळीवालीनं हातातली लडी उगाचच पिळली. त्यातून एक थेंबही निघाला नाही. आत्यानं तिच्याकडं एकदाही बघितलं नाही, आणि ते न बघणं तिला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

*

दुसऱ्या दिवशी आईनं तिला आत्याच्या मदतीला धाडलं. एकतीस शनिवारांनंतर ती पहिल्यांदा वळणावर उतरली.

आत्यानं कासोटा मारला, चादर दगडावर पसरली आणि धोपाटणं उचललं. "बघत काय राहतेस? घे दुसरं. आणि रागानं मार हं, चादरीला माया केली तर मळ जात नाही."

दोघी बडवत राहिल्या. धप, धप. ऊन पाठीवर चढलं. नळीवालीच्या तळहाताला फोड आले, त्यातला एक फुटला आणि सोडा त्यात गेला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. बरंच झालं, रडायला निमित्त मिळालं. दहा चादरी झाल्या. सकाळच्या पाण्यात खळबळल्या तर खरंच पांढऱ्या निघाल्या, इतक्या की तिला ओरडावंसं वाटलं.

"आता उचल," आत्या एकदम म्हणाली. "सगळ्या उचल. दगडावर टाक."

"का? अजून चार..."

"उचल म्हणते ना!"

चादरी जेमतेम वर आल्या आणि धारेत निळी शेपटी उतरली. आधी बोटभर, मग हातभर, मग सगळा ओढाच निळा झाला. वाफेचा, आंबूस, ओळखीचा वास आला. आईच्या लुगड्याचा वास. घराचा वास.

आत्या दगडावर पाय सोडून बसली. "पहिला हंडा. आता अर्धा तास विश्रांती. मग दादा दुसरा ओतेल, तोवर चार होतात. पूर्वी पाणी भरपूर होतं, वाहून जायचं. आता पाणीच नाही तर रंग जाईल कुठं? बसतो आपल्या चादरीत." हे सगळं ती बसच्या वेळा सांगाव्यात तसं सांगत होती.

"तुला... वेळा पाठ आहेत?"

"मग! पहाटे आले तर आठ चादरी साधतात. चाळीस नाही साधत."

"बाबांना सांगितलं का नाहीस कधी?"

"काय सांगू? तुझ्या चुलीवर पाणी ओत म्हणून? नवरा गेला तेव्हा दोन वर्षं त्याच चुलीवरचं खाल्लं मी." आत्यानं चिरलेल्या बोटांना तेल लावलं. बराच वेळ लावत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "आणि तूसुद्धा नाहीच सांगितलंस की."

नळीवाली दगडावरची चादर उगाच सारखी करायला लागली.

"त्या झुडपामागं दोरी आहे ना, तिथं मी वाळत घालत होते. पहिल्याच शनिवारी. तू आलीस, नळी भरलीस, दगड उलटलास. आणि नळी पालथी करून वर गेलीस." आत्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, पोर बापाची लाज राखतेय. मग मीही राखली. मला काय माहीत ती एवढी महाग पडेल."

नळीवालीला बोलायचं होतं. वर्गात हल्ली ती न विचारताही बोलायची, तोंडाला खळ नसायचा. तिनं ओंजळभर पाणी घेतलं आणि तोंड धुवायला वर नेलं. ओंजळ निळी होती. तिनं ती सोडून दिली.

त्या दिवशी बावीस चादरी पांढऱ्या निघाल्या. अठरा राहिल्या.

*

पुढच्या शनिवारी शाळेच्या ओढा-मोजणीची बाहेरून पाहणी होती. भांडारवाल्यानं सोमवारची मुदत शनिवारवर ढकलली होती, तीही मेहरबानी केल्यासारखी: पाहणीच्या दिवशी दवाखान्याच्या दोरीवर स्वच्छ चादरी दिसायला हव्यात म्हणून.

पाहणीवाल्या मॅडम गाडीतून उतरल्या. पुलावर अर्धा गाव जमलं होतं. विज्ञानाच्या बाई नवी साडी नेसून आल्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी वही उघडून मिटत होत्या. आईबरोबर बाबाही आले होते. इस्त्रीचा सदरा, आणि बाह्या मनगटापर्यंत खाली सोडलेल्या. तरी पंजे निळेच. आत्या शेवटी, गर्दीच्या बाहेर, काखेत गाठोडं.

"सलग एकतीस आठवडे!" मॅडम म्हणाल्या. "आम्ही एवढं सातत्य कुठं पाहिलं नाही. चल, दाखव मोजून."

"ओढ्याला ताप किती, सांग गं!" किराणावाला ओरडला. लोक हसले.

ती उतरली. सपाट दगड आला. गर्दी सवयीनं थांबली. ती थांबली नाही. भट्टीपाशी चराचं तोंड ओलं होतं, तिथूनही पुढं गेली. मागून बाईंची हाक आली, "अगं, जागा... जागा मागं राहिली!" तिचे कान असे तापले होते की हाक पाण्याखालून आल्यासारखी वाटली.

वळणावर तिनं नळी भरली. अर्धं पाणी मनगटावरच सांडलं. चकती लगेच गेली.

"नऊ," ती म्हणाली.

"किती?"

"नऊ." दगड उलटला. "किडे... शून्य. लाल अळ्या."

मॅडम खाली वाकल्या, नळीत स्वतः डोकावल्या. मग सरळ झाल्या. "आणि वहीत अठ्ठावन्न आहे."

"ते वरच्या दगडावरचं. भट्टीच्या वरचं." आता थांबली असती तर पुन्हा कधीच बोलता आलं नसतं, म्हणून ती भराभर बोलत सुटली. "पहिल्या दिवशी इथंच मोजलं होतं. चोवीस आलं. मी ओतून दिलं. मग वर गेले. मग दर शनिवारी वरच. बाईंना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आमचं पाणी आहे ते. आत्याच्या हातांना काही झालेलं नाही. म्हणजे झालंय, पण मळ नाही तो."

कुणी टाळी वाजवली नाही. बरोबरच होतं ते, टाळी कशाची वाजवायची? बाई वहीतल्या आपल्या सह्यांकडं बघत राहिल्या, एक पान, दुसरं पान. "मी एकदाही उतरले नाही," त्या म्हणाल्या, बहुतेक स्वतःशीच. भांडारवाला चप्पल झटकायच्या निमित्तानं खाली वाकला, तो बराच वेळ वाकूनच राहिला. आणि बाबांकडं तिला बघवेना.

सगळे गुपचूप पुलावर परतले. लग्नाहून परतताना माणसं बडबडतात आणि दुसऱ्या कुठून तरी परतताना बडबडत नाहीत, तसे.

बोर्डासमोर तिनं पहिली हिरवी टिकली काढली. पिशवीतून कागदाची पुडी काढली, उघडली. लाल टिकल्या नव्या नवरीसारख्या झळकत होत्या. एक उचलून ती खिळ्याला लावायला गेली. लागेना. उलटी केली, फिरवली. पुन्हा लावून बघितली.

टिकलीला भोकच नव्हतं.

पाचांतल्या एकीलाही नव्हतं. बाबांनी कापल्या होत्या, घासल्या होत्या, दोन दोन हात रंगवल्या होत्या, आणि भोक पाडायचं तेवढं ठेवून दिलं होतं. लागणारच नाहीत त्यांना भोक कशाला?

मागं कुणीतरी खुदकन हसलं आणि तसंच गप्प झालं. ती टिकली हातात धरून उभी राहिली. अख्ख्या गावासमोर, पाठमोरी. पायाखालचा पूल फुटला असता तर बरं असंही तिला वाटलं नाही. वाटायलासुद्धा अंगात काही उरलं नव्हतं.

"आण इकडं."

बाबा होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. टिकली घेतली, पुलाच्या कठड्यावर ठेवली. "खिळा दे रे," ते किराणावाल्याला म्हणाले. "आणि ठोकायला काहीतरी."

किराणावाला धावत दुकानात गेला आणि खिळा घेऊन आला; हातोडी सापडली नाही, म्हणून तराजूचं किलोचं वजन आणलं. बाबांनी बाह्या वर केल्या. कोपरापर्यंत. पहिला घाव निसटला, टिकलीला पोचा पडला. वाकताना त्यांचा एक हात कंबरेवर गेला. दुसऱ्या घावाला खिळा आरपार गेला. भोवतीचा लाल रंग टवका होऊन उडाला.

"धर."

तिनं टांगली.

"किडे?" बाबांनी विचारलं. आवाज असा, जसा भट्टीवर पुढची लडी मागताना असतो.

"लाल."

त्यांनी दुसरी कठड्यावर ठेवली. ठाण.

"वास?"

तिला उत्तर देववेना. तो वास त्यांच्या सदऱ्याला होता, इस्त्री करूनही. तिच्या केसांना होता.

"वास विचारतोय मी."

"लाल, बाबा."

ठाण. "झाडी?"

"झाडी पिवळी. कचरा हिरवाच."

"मग राहू दे." पण त्यांनी वजन खाली ठेवलं नाही. उरलेल्या दोन लाल टिकल्यांनाही एकेक घाव घालून भोकं पाडली, फुंकर मारून कणी उडवली आणि पुडी तिच्या हातात दिली. मग मागं वळून गर्दीत आत्याला शोधलं. आत्या दिसली, पण तोंडातून तिचं नाव निघेना. ते आईकडंच बघून म्हणाले,

"खोरं कुठंय?"

"तुम्ही टांगलंत तिथंच," आई म्हणाली.

ते निघाले. चार पावलं गेल्यावर नळीवाली मागोमाग धावली. ते थांबले नाहीत, वळलेही नाहीत, फक्त चालता चालता म्हणाले, "टोपलं घे येताना. दोन घे. तुझ्या आत्यालाही लागेल एक."